क्रियापद आणि त्याचे सोबती

ज्याचे सारे शिक्षण इंग्रजी ग्रंथांच्या सहवासात झाले, बर्क आणि मेकॉले यांची पल्लेदार वाक्ये ज्याला कोशाचे साहाय्य न घेता उलगडतात, आणि कोर्टातील कैफियत असो वा सरकारदरबारी करावयाचा अर्ज असो, तो निर्दोष इंग्रजीत लिहून देण्याबद्दल ज्याचा लौकिक आहे, असा एखादा मराठी गृहस्थ लंडनमधील घरमालकिणीचे चार घरगुती शब्द ऐकून गोंधळून जावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु तिचे कारण शोधू लागले म्हणजे इंग्रजी भाषेच्या घडणीतील एक मर्मस्थान आपल्या हाती लागते. 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'एक्स्टिंग्विश' आणि 'इन्व्हेस्टिगेट' हे चारही भारदस्त शब्द या गृहस्थाच्या नित्य वापरातले असतात. ती बाई मात्र काम लांबणीवर टाकावयाचे असले तर 'पुट ऑफ' म्हणते, शेजाऱ्यांचा गोंगाट सोसावयाचा असला तर 'पुट अप विथ' म्हणते, दिवा मालवावयाचा असला तर 'पुट आउट' म्हणते आणि तक्रारीचा तपास करावयाचा असला तर 'लुक इन्टू' म्हणते. 'पुट' म्हणजे ठेवणे आणि 'लुक' म्हणजे पाहणे हे तो इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकातच शिकलेला असतो, 'अप', 'ऑफ', 'आउट' ही अव्ययेही त्याला तेव्हापासूनच ठाऊक असतात. आणि तरीही या दोन ओळखीच्या शब्दांच्या संयोगातून जो अर्थ निघतो, तो त्याला सर्वस्वी अनोळखी वाटतो.

याचे एक कारण ऐतिहासिक आहे. आपल्याकडे इंग्रजी भाषा आली ती स्वयंपाकघराच्या किंवा खेळाच्या मैदानाच्या वाटेने आली नाही. ती कचेरी, न्यायालय आणि विद्यापीठ यांच्या वाटेने आली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाक्यरचनेचे धडे गिरवून जी मराठी मुले पुढे गेली, त्यांच्या वाचनात कायदे, निकालपत्रे, इतिहास आणि वक्तृत्वपूर्ण निबंध हेच अधिक आले, आणि या वाङ्मयात लॅटिन वंशाच्या शब्दांचे प्राबल्य असते. शिवाय हे शब्द परकीयाला सोयीचेही असतात, कारण अशा शब्दाचा अर्थ बहुधा एकच आणि निश्चित असतो. गंमत अशी की, 'पोस्टपोन' या शब्दाची फोड केली तर 'नंतर' आणि 'ठेवणे' असेच त्याचे दोन अवयव निघतात. म्हणजे घरमालकिणीच्या 'पुट ऑफ'मध्ये जी कल्पना आहे, जवळजवळ तीच रोमन माणसाने आपल्या भाषेत केली होती. फरक एवढाच की लॅटिन शब्दातील सांधा काळाच्या ओघात बुजून गेला आहे, आणि इंग्रजी जोडीतील सांधा अद्याप उघडा आहे.

परकीयांची ही अडचण खुद्द इंग्रजांच्या लक्षात फार पूर्वीच आली होती. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत या शब्दबंधाचा मुद्दाम उल्लेख केला असून, इंग्रजी शिकणाऱ्या परदेशीयाला सर्वांत मोठी अडचण येथेच येते असे स्पष्ट म्हटले आहे. 'कम ऑफ', 'फॉल ऑन', 'ब्रेक ऑफ', 'सेट आउट' अशी उदाहरणे देऊन, आपण या जोड्या विशेष काळजीने टिपून ठेवल्या आहेत अशी ग्वाहीही त्यांनी दिली आहे. या जोड्यांना आज रूढ असलेले 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र त्यानंतर एकशे सत्तर वर्षे लोटल्यावर मिळाले. लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या 'वर्ड्स अँड इडियम्स' या ग्रंथात ते प्रथम आले, आणि हे नाव आपणांस ऑक्सफर्डच्या महाकोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचविले, असे स्मिथ यांनी तेथेच नमूद केले आहे. जॉन्सनच्या प्रस्तावनेतील एक विधान मात्र मला अंशतःच मान्य करता येते. यांपैकी काही जोड्या मूळ शब्दांच्या अर्थापासून इतक्या दूर गेल्या आहेत की, त्या तेथवर कोणत्या वाटेने पोहोचल्या याचा माग कितीही बुद्धिमान माणसाला काढता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. माग लागत नाही अशा जोड्या आहेत, हे खरे. परंतु अव्ययाकडे नीट लक्ष दिले आणि जोडीच्या आजूबाजूचे शब्द तपासून पाहिले, तर बहुसंख्य जोड्या आपले रहस्य आपण होऊन सांगतात.

प्रथम या रचनेच्या कुळाविषयी. जर्मन कुलातील सर्वच भाषांत क्रियापदाला असे सोबती असतात. जर्मन भाषेत 'सोडून देणे' यासाठी 'आउफगेबेन' असा एक जोडलेला शब्द आहे, पण तो वाक्यात आला की त्याचे दोन तुकडे होतात, 'गेबेन' आपल्या जागी राहतो आणि 'आउफ' वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो. इंग्रजीतील 'गिव्ह अप' हे याचेच भावंड. जुन्या इंग्रजीत अव्यय पुष्कळदा क्रियापदाच्या आधी चिकटून येत असे. 'अंडरस्टँड', 'विदस्टँड', 'फर्गिव्ह' हे त्या पद्धतीचे आजवर टिकलेले अवशेष आहेत. पुढे इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत उत्तरेकडील दर्यावर्दी लोकांची वसाहत झाली, १०६६ नंतर नॉर्मन फ्रेंचांचा अंमल बसला, आणि या शतकांच्या घालमेलीत अव्यय क्रियापदाच्या पुढची जागा सोडून मागे येऊन स्थिरावले.

हे स्थलांतर आपल्याला तितकेसे परके वाटू नये. संस्कृतातील उपसर्ग धातूच्या आधी येतो, आणि 'हृ' या एकाच धातूला निरनिराळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे परस्परांपासून दूरचे अर्थ उत्पन्न होतात, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही माहीत असते. परंतु वेदांच्या भाषेत हा उपसर्ग असा बांधलेला नव्हता. उपसर्ग धातूच्या पूर्वी येतात, हा सामान्य नियम पाणिनीने पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात सांगितला आणि लगोलग पुढील दोन सूत्रांत, वेदामध्ये ते धातूच्या नंतरही येतात आणि मध्ये अन्य शब्दांचे व्यवधान ठेवूनही येतात, अशी पुस्ती जोडली. लंडनच्या रस्त्यावरील माणूस 'टेक युअर हॅट ऑफ' म्हणताना क्रियापद आणि अव्यय यांच्यामध्ये टोपीला जागा देतो, तेव्हा तो जे करीत असतो त्याची नोंद आमच्या वैयाकरणाने सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी करून ठेवली आहे, ही गोष्ट मला अतिशय आनंदाची वाटते.

जागा बदलली की अर्थ किती बदलतो याचे पुरावे खुद्द आजच्या इंग्रजीतच आहेत. 'सेट अप' म्हणजे उभारणे, स्थापन करणे. 'अपसेट' म्हणजे उलथून टाकणे. 'लुक ओव्हर' म्हणजे नजर फिरवून तपासणे; 'ओव्हरलुक' म्हणजे नजरेतून निसटू देणे किंवा जाणूनबुजून कानाडोळा करणे. हायकोर्टाने खालच्या कोर्टाचा निकाल 'अपहोल्ड' केला म्हणजे तो कायम केला. तोच निकाल कोणी 'होल्ड अप' केला म्हणजे तो अडकवून ठेवला.

आता अव्ययांच्या अर्थाकडे वळू. यांत सर्वांत व्यापक संचार 'अप'चा आहे. त्याचा मूळ अर्थ 'वर' हा होय. परंतु पुष्कळ जोड्यांत तो दिशा दाखवीत नाही, क्रिया पुरी झाल्याचे दाखवितो. 'ईट' म्हणजे खाणे, 'ईट अप' म्हणजे पानातले सारे संपवणे. 'टेअर' म्हणजे फाडणे, 'टेअर अप' म्हणजे फाडून चिंध्या करणे. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवून टाकणे. वर जाण्याचा आणि पुरे होण्याचा संबंध काय, असे कोणी विचारील, तर त्याने घागरीत पाणी भरताना पाहावे. पाणी वर वर चढते आणि काठाला लागले की भरणे संपते. 'डाउन'देखील कधीकधी पूर्णतेचाच अर्थ देते, परंतु तेथे नजर दुसरीकडे असते. कागद जळून गेला तर इंग्रज 'बर्न अप' म्हणतो, घर जळून गेले तर 'बर्न डाउन' म्हणतो. दोन्हीकडे काही उरत नाही, पण उभे असलेले घर आडवे झाले हे त्याच्या डोळ्यांपुढे राहते.

'मेक अप' ही जोडी या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. नट तोंडाला रंग लावतो ते 'मेक अप', हे आपण मराठीतही म्हणतो. पण व्यापारी तूट भरून काढतो तेही 'मेक अप', भांडलेली भावंडे पुन्हा एक होतात तेही 'मेक अप', औषधी दुकानदार डॉक्टरच्या चिठ्ठीप्रमाणे औषध तयार करून देतो तेही 'मेक अप', मुद्रक जुळवलेल्या खिळ्यांची पाने बांधतो तेही 'मेक अप', मुलगा शाळा चुकवल्याबद्दल खोटी सबब रचतो तेही 'मेक अप', आणि बराच वेळ डळमळणारा माणूस अखेर निश्चय करतो तेव्हा तो आपले मन 'मेक अप' करतो. कोशात हे अर्थ क्रमांक घालून वेगवेगळे दिलेले असतात, आणि विद्यार्थी ते तसेच पाठ करीत बसतो. वस्तुतः सुटे असलेले भाग एकत्र आणून काही उणे राहू न देणे, ही एकच कल्पना या सर्वांच्या मुळाशी आहे. ती एकदा ध्यानात आली म्हणजे औषध, हिशेब, पान, सबब आणि समेट यांचे नाते आपोआप दिसू लागते.

आणि येथेच मराठी माणसाजवळ असलेले, पण त्याने क्वचितच उपयोगात आणलेले एक भांडवल मला दाखवून द्यावयाचे आहे. इंग्रज जे काम अव्ययाकडून करून घेतो, ते आपण दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेतो. 'ईट अप' म्हणजे 'खाऊन टाक', 'गिव्ह अवे' म्हणजे 'देऊन टाक', 'ट्राय आउट' म्हणजे 'करून बघ'. 'फाइंड आउट' म्हणजे 'शोधून काढ' आणि 'राइट आउट' म्हणजे 'लिहून काढ'. येथे तर 'आउट' आणि 'काढणे' यांचे नाते इतके निकट आहे की वेगळे स्पष्टीकरण नको. साहेब मजकूर सांगतो आणि कारकून तो 'टेक डाउन' करतो, म्हणजे 'लिहून घेतो'. 'लिहून घेणे' आणि 'लिहून काढणे' यांतला भेद मराठी मुलाला कोणी शिकवावा लागत नाही, परंतु आपली भाषा शिकू पाहणारा युरोपीय विद्यार्थी तेथे थबकतो. 'तो रागाच्या भरात नाही नाही ते बोलून बसला' या वाक्यात बोलणारा माणूस बसला कोठे, हे त्याला उमगत नाही. संयुक्त क्रियापदांचा हा प्रांत आपल्या वैयाकरणांनीही वादाचा म्हणूनच ओळखला आहे. सारांश, जी सूक्ष्म जाणीव मराठीत आपण जन्मतः बाळगतो, तीच इंग्रजीकडे वळवावयाची आहे. फरक आहे तो असा की, मराठीत पहिल्या क्रियापदाचा अर्थ शाबूत राहतो आणि दुसऱ्याचा झिजतो. इंग्रजीत पुष्कळदा दोघांचाही झिजतो.

दोघांचाही अर्थ झिजला तर मग आधार कशाचा घ्यावयाचा? माझे उत्तर असे की, अशा वेळी जोडीकडे टक लावून पाहण्यात काही हशील नाही. वाक्यातील कर्माला विचारावे, आणि कर्म नसेल तर कर्त्याला विचारावे. आपल्या सरकारी कचेऱ्यांत 'पुट अप' ही जोडी पिढ्यान्पिढ्या रुळलेली आहे. वरिष्ठ अधिकारी फायलीच्या समासात 'प्लीज पुट अप' असे दोन-तीन शब्द लिहितो, आणि त्या शेऱ्याबरोबर ते प्रकरण टिपणीसह त्याच्यापुढे सादर करण्याची जबाबदारी खालच्या माणसावर येते. कचेरीबाहेर पडताच या जोडीचे रूप पालटते. छत्री 'पुट अप' केली म्हणजे उघडली. भाडे 'पुट अप' केले म्हणजे वाढवले. पाहुण्याला 'पुट अप' केले म्हणजे त्याची रात्रीची सोय केली. निवडणुकीत कोणाला 'पुट अप' केले म्हणजे उमेदवार म्हणून उभे केले. भिंतीवर सूचना 'पुट अप' केली म्हणजे डकवली. छत्री, भाडे, पाहुणा, उमेदवार, सूचना, फाईल, यांपैकी कर्म कोणते ते कळले की अर्थाविषयी संशय उरत नाही. आणि या जोडीमागे 'विथ' आले की सारेच बदलते. तेथे उभारणे नाही, वाढवणे नाही, केवळ निमूटपणे सोसणे आहे.

'गो ऑफ' या जोडीला कर्म नसते, म्हणून तेथे कर्ता बोलका होतो. गजराचे घड्याळ 'गो ऑफ' झाले म्हणजे वाजू लागले, आणि दिवे 'गो ऑफ' झाले म्हणजे बंद पडले. एकाच जोडीने एका वस्तूचे सुरू होणे आणि दुसरीचे थांबणे दाखवावे, हे विद्यार्थ्याला अन्यायाचे वाटते. बंदूक 'गो ऑफ' होते तेव्हा गोळी सुटते, दूध 'गो ऑफ' होते तेव्हा ते नासते, आणि माणूस 'गो ऑफ' होतो तेव्हा तो निघून जातो. असलेल्या स्थितीतून सुटून जाणे, एवढाच समान धागा यांत आहे, आणि सुटल्यावर काय होईल हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर अवलंबून आहे.

बारीक भेदही याच रीतीने हाती येतात. दोन पक्षांच्या वाटाघाटी 'ब्रेक डाउन' झाल्या असे वर्तमानपत्राने लिहिले, तर त्या पुढे चालू शकल्या नाहीत, निष्फळ झाल्या; कोणी त्या 'ब्रेक ऑफ' केल्या असे लिहिले, तर त्या हेतुपुरस्सर तोडल्या आणि तोडणारा कोण हेही बहुधा वाक्यात सांगितलेले असते. 'ब्रेक आउट'चे कर्ते पाहिले तर ते बहुतेक अनिष्ट निघतात. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध 'ब्रेक आउट' झाले, १८९६ मध्ये मुंबईत प्लेग 'ब्रेक आउट' झाला. आग, दंगल, भांडण यांच्याविषयीही हीच भाषा. सुबत्ता किंवा सलोखा अशा रीतीने उद्भवल्याचे इंग्रज सहसा म्हणणार नाही.

रचनेच्या नियमांविषयी थोडक्यात सांगतो. अर्ज नामंजूर करणे या अर्थी 'टर्न डाउन' वापरताना कर्म नाम असेल तर ते अव्ययाच्या मागे किंवा पुढे कोठेही चालते. परंतु ते सर्वनाम असेल तर मध्येच आले पाहिजे, 'टर्न इट डाउन' हे शुद्ध आणि 'टर्न डाउन इट' हे अशुद्ध. याउलट 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळ करणे, ही जोडी फोडता येत नाही. तेथे 'हिम' शेवटीच येते. दोन्हींतील अव्ययांची जात निराळी आहे. 'रन अप अ हिल' आणि 'रन अप अ बिल' ही वाक्ये वरवर सारखी दिसतात, पण पहिल्यात धावणारा टेकडी चढतो आणि 'अप' टेकडीशी बांधलेले आहे; दुसऱ्यात उधारी वाढत जाते आणि 'अप' क्रियापदाशी बांधलेले आहे, म्हणून 'रन द बिल अप' असे म्हणता येते, 'रन द हिल अप' असे म्हणता येत नाही. बोलताना कानही साक्ष देतो, कारण क्रियापदाशी बांधलेल्या अव्ययावर आघात पडतो.

या जोड्या म्हणजे बाजारू भाषा, प्रतिष्ठित लेखनाला त्या शोभत नाहीत, असा एक समज आपल्याकडे दृढ आहे. मला तो सर्वथा चुकीचा वाटतो. न्यायालयांची इंग्रजी भाषा तर सर्वांत काटेकोर मानली जाते. तीच भाषा हुकूमनामा रद्द करण्यास 'सेट असाइड' म्हणते, घटनाबाह्य कायदा रद्द ठरवण्यास 'स्ट्राइक डाउन' म्हणते, आणि कंपनीचा कारभार गुंडाळण्यास 'वाइंड अप' म्हणते. बुडीत कर्ज हिशेबातून काढून टाकणे ते 'राइट ऑफ', आणि बदली झालेला अधिकारी कार्यभार हवाली करतो ते 'हँड ओव्हर'. ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी १९४८ साली 'प्लेन वर्ड्स' हे पुस्तक लिहिले ते सरकारी नोकरांना साधे लिहावयास शिकविण्यासाठी. तथापि साधेपणाचाही एक भ्रम असतो. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली जी 'बेसिक इंग्लिश' रचली, तीत सगळे मिळून ८५० शब्द होते आणि क्रियापदे केवळ अठरा. 'एन्टर'ऐवजी 'गो इन', 'एक्स्टिंग्विश'ऐवजी 'पुट आउट' असा तिचा कारभार चाले. शब्दसंख्या त्यामुळे घटली खरी, परंतु 'गेट', 'गिव्ह', 'पुट', 'टेक' यांना अव्यये जोडून जे नवे अर्थ निर्माण झाले, ते शिकण्याचा बोजा परकीयाच्या शिरावर तसाच राहिला.

हा बोजा हलका करण्याचा मार्ग १९७५ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केलेल्या कॉवी आणि मॅकिन यांच्या कोशाने उत्तम दाखवला. चालू इंग्रजीतील वाक्प्रचारांच्या या कोशाचा संपूर्ण पहिला खंड अशाच जोड्यांना वाहिलेला आहे, आणि त्यातील नोंदींत अर्थाशेजारी त्या जोडीबरोबर नेहमी येणारे कर्ते आणि कर्मे दिलेली आहेत. आपल्या विद्यार्थ्याने स्वतःची वही याच धर्तीवर ठेवावी. 'कॉल ऑफ म्हणजे रद्द करणे' एवढेच टिपले तर तो उद्या कायदाही 'कॉल ऑफ' करील. त्याऐवजी संप, सभा, सामना, विवाह अशी त्याची कर्मे वाचनात येतील तशी लिहीत गेले, तर ठरलेले आणि व्हावयाचे असलेले कार्य मागे घेणे हा नेमका अर्थ वहीच सांगते. 'कोप अप विथ' ही आपल्याकडे बोकाळलेली चूकही अशा वहीने टळते; 'कीप अप विथ' आणि 'पुट अप विथ' यांच्या सहवासात 'कोप'च्या मागे 'अप' उगाच येऊन उभे राहते. त्याला केवळ 'विथ' पुरते.

प्रत्येक भारतीय प्रयोगाला मात्र चूक ठरवू नये. 'तो १९५२ साली पास आउट झाला' असे आपला पदवीधर म्हणतो, तेव्हा त्याच्यामागे लष्करी परंपरेचे बळ असते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्रांचे शिक्षण पुरे झाल्यावर जे संचलन होते त्याला 'पासिंग आउट परेड' असेच नाव आहे, आणि तो प्रयोग मूळचा ब्रिटिश सैन्याचाच आहे. परंतु इंग्लंड-अमेरिकेतील सामान्य माणूस 'पास आउट' ऐकताच शुद्ध हरपून पडणे हाच अर्थ घेतो. म्हणून मुंबई-पुण्यात हा शब्द खुशाल वापरावा, आणि परदेशी विद्यापीठाला धाडावयाच्या अर्जात 'ग्रॅज्युएटेड' असे लिहावे.